अपक्षाची कुंडली: ठाणे जिल्ह्यातलं २०२४ चं एक प्रकरण

लोकसभेला उभ्या राहिलेल्या अपक्षाबद्दल पक्षाच्या ऑफिसात दोनच मतं असतात. एक तर हा कोणीतरी उभा केलेला डमी आहे, नाहीतर ह्याला कोण विचारतो, डिपॉझिट जाणार. दोन्ही मतं बनवायला काडीची मेहनत लागत नाही, म्हणून ती पटकन पसरतात. मी लिहितेय ते अशा एका अपक्षाबद्दल ज्याची कुंडली, म्हणजे मागची सगळी माहिती, काढायचं काम २०२४ च्या मे महिन्यात एका पक्षाच्या प्रचारातल्या आमच्या टीमकडे आलं होतं, आणि त्यात जे जे झालं ते कुणाचं नाव न घेता एकदा सविस्तर मांडून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे. ठाणे जिल्ह्यात लोकसभेच्या तीन जागा: ठाणे, कल्याण, भिवंडी. त्यातली एक. कुठली ते मुद्दाम सांगत नाही, पक्षही सांगत नाही, आणि त्या गृहस्थांचं नाव तर अजिबातच नाही कारण ते पुढारी नव्हेत, साधा माणूस आहे, निवडणूक संपली की त्यांचं आयुष्य त्यांना परत मिळायला हवं.

त्यांना सगळे सर म्हणायचे. क्लासवाले सर. दहावी-बारावीचं गणित, कित्येक वर्षं, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. ज्यांना शिकवलं त्यातल्या काहींची पोरं आता त्यांच्याच क्लासला. शिवाय सोसायटीचा कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, कसा करून घ्यायचा, बिल्डर ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, देत नसेल तर कुठे अर्ज करायचा, टँकरवाला बिलात काय घोळ करतो, हे सगळं ते आजूबाजूच्या सोसायट्यांना फुकट समजावून सांगायचे, आणि मे महिना म्हणजे पाण्याची बोंब, त्यात त्यांनी फॉर्म भरला.

आता कोणी म्हणेल पाण्यासाठी लोकसभा का लढवायची, पाणी काय खासदाराच्या हातात असतं का. आमच्या ऑफिसातही हाच जोक चालला होता. पण जरा आठवून बघा तेव्हाची परिस्थिती. नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून प्रशासक, ठाण्यात २०२२ च्या मार्चपासून प्रशासक, पुढे भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर सगळीकडे तेच. म्हणजे मे २०२४ मध्ये जिल्ह्यातल्या एकाही महापालिकेत निवडून आलेला नगरसेवक नव्हता. नळाला पाणी नाही तर जायचं कोणाकडे? माजी नगरसेवकाकडे गेलं की तो म्हणतो माझ्या हातात काही नाही, वॉर्ड ऑफिसात गेलं की तिथे टोकन. लोकांच्या हातात मत द्यायची पहिली संधी आली ती लोकसभेची, मग जो राग वॉर्डात निघाला असता तो लोकसभेत निघणार, ह्यात नवल काय. सरांचं उभं राहणं मला तरी पहिल्या दिवसापासून सरळ वाटलं. ऑफिसला नाही वाटलं.

ऑफिस घाबरलं होतं त्यालाही कारण होतं, ते नाकारत नाही. आमच्या कोकण पट्ट्यात अपक्ष म्हटलं की पहिली आठवण निघते ती रायगडची. २०१४ ला तिथे सुनील तटकरे अनंत गीतेंकडून २११० मतांनी पडले, आणि त्याच मशीनवर सुनील तटकरे नावाचाच दुसरा एक अपक्ष होता, त्याला ९८४९ मतं. हा हिशोब प्रत्येक प्रचारप्रमुखाला पाठ आहे. त्यामुळे यादीत अनोळखी अपक्ष दिसला की पहिला प्रश्न, ह्याला कोणी उभं केलं. आमचे प्रचारप्रमुख, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "ताई, ह्या मास्तरची पूर्ण कुंडली पाहिजे. दोन दिवसांत. काहीतरी सापडलंच पाहिजे."

शेवटच्या वाक्यातच सगळी गडबड आहे. माणसाला "काय आहे ते शोध" सांगितलं की तो शोधतो, "काहीतरी सापडलंच पाहिजे" सांगितलं की तो बनवतो. टीममधली पोरं विशीतली, हुशार, राबणारी, त्यांच्यावर हे वाक्य असं बसतं की मग समोर जे येईल त्यात त्यांना घबाडच दिसायला लागतं.

पाचव्या टप्प्याचं वेळापत्रक असं होतं: अर्ज भरायची शेवटची तारीख ३ मे, छाननी ४ मे, माघार ६ मे, मतदान २० मे. सरांनी फॉर्म शेवटच्या दिवशी भरला. म्हणजे आम्ही फाईल उघडली तेव्हा छाननी उरकलेली आणि माघारीची मुदत डोक्यावर. दादांचा पहिला विचार, सरांना बसवता, म्हणजे माघार घ्यायला लावता, येईल का. कोणीतरी मध्यस्थ पाठवायचा, "सर, तुमचं काय काम असेल ते आपण करून देऊ." मी तिथेच थांबवलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणांची यादी आहे आणि त्यातलं पहिलंच लाच. मतदाराला दिलेली तर आहेच पण उमेदवाराला उभं राहायला किंवा माघार घ्यायला दिलेलं आमिषही त्यातच येतं. हे अनेक जुन्या कार्यकर्त्यांना खरंच माहीत नसतं, त्यांना वाटतं बसवणं हा राजकारणातला रोजचा व्यवहार आहे. मध्यस्थ गेला नाही. ६ तारखेला तीन वाजले, सरांचं नाव यादीत राहिलं, चिन्हही मिळालं.

मग काम सुरू झालं. अपक्षाबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्याने स्वतः दिलेली असते, ही गोष्ट लोक विसरतात. फॉर्म २६ चं ॲफिडेव्हिट, म्हणजे अर्जासोबतचं शपथपत्र. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि आता तर स्वतःचे, बायकोचे, अवलंबून असणाऱ्यांचे पाच वर्षांचे रिटर्नमधले आकडे, सरकारी थकबाकी, सरकारी कंत्राटं, सोशल मीडियाची खाती, सगळं. निवडणूक आयोगाच्या साइटवर कोणालाही दिसतं. सरांचं ॲफिडेव्हिट मी प्रिंट काढून ओळीओळीने वाचलं. क्लासचं उत्पन्न दरवर्षी थोडंथोडं वाढणारं, कोविडच्या वर्षी एकदम खाली, पुन्हा वर. फ्लॅट दोघांच्या नावावर. गावाकडे वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा. बायकोचं सोनं. कर्ज शून्य. गुन्हे, "निरंक". इतकं साधं ॲफिडेव्हिट बघून मला उलट बरं वाटलं, पण आमच्या सोशल मीडिया सेलमधल्या मुलाचा चेहरा पडला. तो अमेरिकेतली उदाहरणं द्यायचा, तिकडे डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ ला तिसऱ्या पक्षाच्या आणि अपक्ष उमेदवारांसाठी वेगळी टीमच लावलीय वगैरे. खरंय, पण तिथलं मतमोजणीचं गणित वेगळं, राज्यवार, आणि तिथल्या अपक्षांना आधी एकेका राज्यात मतपत्रिकेवर यायलाच झगडावं लागतं. इथे दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारे मतदार, आणि पंचवीस हजार डिपॉझिट, झालं.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा धावत आला. "ताई, सापडलं!"

पहिलं जे सापडलं ते स्कूटर. नंबरप्लेटवरून मालक दाखवणारं ॲप असतं ना, त्यात क्लासखाली उभी असलेली स्कूटर सरांच्या बायकोच्या नावावर निघाली आणि ॲफिडेव्हिटमध्ये तिचा उल्लेख नव्हता. जुनी, रंग उडालेली. मालमत्ता लपवली, असं पत्रक काढायचं ठरत होतं. योगायोग असा की महिनाभर आधीच, ९ एप्रिल २०२४ ला, सुप्रीम कोर्टाने नेमका हाच विषय निकाली काढला होता. अरुणाचलच्या तेजू मतदारसंघात २०१९ ला कारिखो क्री नावाचे अपक्ष विधानसभेवर निवडून आले, ॲफिडेव्हिटमध्ये बायको आणि मुलाच्या नावावरच्या तीन गाड्या दाखवल्या नाहीत म्हणून गुवाहाटी हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, त्यातली एक तर स्कूटीच होती. त्या गाड्या आधीच दुसऱ्यांकडे गेल्या होत्या, नोंदणी फक्त बदलली नव्हती. सुप्रीम कोर्टाने निवडणूक परत वैध ठरवली आणि म्हटलं की उमेदवाराने घरातली एकूण एक जंगम वस्तू जाहीर करायची गरज नाही, किंमत मोठी असेल किंवा राहणीमानावर प्रकाश पडत असेल तर गोष्ट वेगळी. उमेदवारालाही खाजगीपण आहे. आता हा निकाल हातात असताना एका गणिताच्या सरांच्या बायकोच्या जुन्या स्कूटरवर पत्रक काढणार? मी निकालाची बातमी ग्रुपवर टाकली, विषय बंद.

दुसरं जे सापडलं ते मात्र गंभीर दिसत होतं. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, जिल्हा निवडायचा, कोर्ट निवडायचं, नाव, वर्ष, कॅप्चा. पोरांनी ठाणे जिल्ह्यातली कोर्टं एकेक करून चाळली आणि एका कोर्टात सरांच्या नावाची एससीसी, म्हणजे संक्षिप्त फौजदारी, केस निघाली, कलम १३८, चेक बाउन्स, चालू. नाव तेच, आडनाव तेच. चेक बाउन्सचा खटला फौजदारी असतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि ॲफिडेव्हिटमध्ये तर निरंक. संध्याकाळपर्यंत पत्रकाचं डिझाइन तयार. वर सरांचा फोटो, त्यांच्याच क्लासच्या बोर्डवरून काढलेला, मधे केस नंबर, खाली लाल अक्षरात "मुलांना गणित शिकवणाऱ्याचा स्वतःचा हिशोब बघा!" खाली ना मुद्रकाचं नाव, ना प्रकाशकाचं.

दादा खूश. म्हणाले, "छापा पंचवीस हजार."

मी म्हटलं, दादा, बापाचं नाव कुठाय?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त तपशिलात सांगायची आहे कारण अपक्षांच्या बाबतीत इथेच घात होतो. पक्षाचा मोठा उमेदवार असेल तर त्याच्या नावाचे दहा लोक असले तरी त्याचा इतिहास सगळ्यांना माहीत असतो, पेपरवाले असतात, मागची ॲफिडेव्हिट्स असतात, ताडून बघता येतं. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या अपक्षाचं मागचं काहीच नसतं. असतं फक्त नाव. आणि आपल्याकडे नाव म्हणजे अर्धीच ओळख, मधलं वडिलांचं नाव आल्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही. ई-कोर्ट्सवर मधलं नाव बऱ्याचदा नसतं, पत्ता नसतो, वय नसतं. सरांचं आडनाव या पट्ट्यात इतकं सर्रास आहे की एका मजल्यावर दोन दारांवर सापडेल. नाव जुळलं हा पुरावा नाहीच, पुरावा शोधायला सुरुवात कुठून करायची ते फक्त त्यातून कळतं.

आमच्याकडे एक ज्युनिअर वकील मुलगी होती. तिला म्हटलं, केसच्या पानावर तक्रारदाराच्या वकिलाचं नाव आहे, त्यांना शोध. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात गेली, बार रूममध्ये विचारत विचारत त्या वकीलसाहेबांपर्यंत पोचली. त्यांनी अशिलाचं काहीच सांगितलं नाही, बरोबरच आहे, पण तिने एकच विचारलं की आरोपी क्लास चालवतात का. ते हसायला लागले. म्हणाले, "क्लास? अहो तो गोडाऊनवाला आहे, पस्तिशीचा पोरगा, प्लायवूडचा धंदा. तारखेला येतच नाही." सर साठीला टेकलेले. मग तिने रीतसर अर्ज करून रोजनामा, म्हणजे तारखांची नोंद, आणि तक्रारीची प्रत बघायची परवानगी मागितली, ती मिळेपर्यंत वेळ गेला, पण मिळाली तेव्हा वडिलांचं नाव वेगळं, पत्ता वेगळा, सगळंच वेगळं.

वकीलसाहेबांचं बोलणं झाल्याझाल्या मी दादांना फोन केला. दादांचं उत्तर मला शब्दशः आठवतंय: "ताई, तुम्ही वकिलांसारखं बोलू नका. मतदान होईपर्यंत कोण तपासायला जातंय?"

मग मला खरंच वकिलांसारखं बोलावं लागलं. कलम १२३ चंच चौथं पोटकलम, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल खोटं विधान प्रसिद्ध करणं, जे खोटं आहे हे माहीत आहे किंवा खरं आहे असं स्वतःलाही वाटत नाही, हे भ्रष्ट आचरण. उमेदवाराने केलं, त्याच्या एजंटने केलं, की त्यांच्या संमतीने तिसऱ्याने केलं, तिन्ही सारखंच. निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका होऊ शकते, ती हरलेला अपक्षही करू शकतो आणि साधा मतदारही, आणि सिद्ध झालं तर निवडून आलेल्याची निवडणूक रद्द, वर सहा वर्षांपर्यंत अपात्र. दुसरं, कलम १२७ अ, पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजेच, नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि आचारसंहितेतच लिहिलंय की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर बोलू नका, शहानिशा न केलेले आरोप करू नका. मी दादांना एवढंच विचारलं की आपण दोन लाखांनी जिंकलो आणि ह्या पंचवीस हजार कागदांपायी तीन वर्षं कोर्टात फिरलो तर पक्षातल्या वरच्या साहेबांना काय सांगणार. छपाई थांबली. कायद्यामुळे थांबली, सरांबद्दल वाईट वाटलं म्हणून नाही, हे मी लिहून ठेवते, कारण मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

तिसरी गोष्ट पोरांनी काढली ती खरी होती. रहिवासी फ्लॅटमध्ये क्लास, वापर बदलाची परवानगी नाही. खरं आहे म्हणून वापरायचं का? मी नको म्हटलं. त्या क्लासमध्ये शिकलेल्या आणि शिकणाऱ्या मुलांच्या आई-बापांना तुम्ही सांगणार की तुमचं पोर बेकायदा ठिकाणी गणित शिकलं, ते कोणावर चिडतील? शिवाय ठाणे जिल्ह्यात घरगुती क्लास, पाळणाघर, पोळीभाजी केंद्र ह्यावर बोट ठेवायला गेलं तर आपलेच निम्मे मतदार त्यात.

ही सगळी धावपळ चालू असताना खरी माहिती दुसऱ्याच कागदावर पडली होती आणि तिकडे कोणी बघतही नव्हतं. अर्ज भरले की निवडणूक निर्णय अधिकारी बोर्डावर नोटीस लावतात, त्यात उमेदवाराचं नाव-पत्ता तर असतोच पण सूचकांचे मतदार यादीतले क्रमांकही असतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. म्हणजे प्रत्येक अपक्ष स्वतःहून दहा माणसांचे यादी भाग आणि अनुक्रमांक देऊन जातो, आणि मतदार यादी तर सगळ्यांना खुली. आपल्या बाजूने उघडपणे सही करायला तयार असलेले पहिले दहा लोक कुठले, हे कळलं की अपक्षाचं घर कुठे आहे ते कळतं, पत्त्यातलं घर नाही, मतांचं घर.

मी ते दहा क्रमांक नकाशावर मांडले. आठ जण क्लासच्या आसपासच्या तीन-चार यादी भागांतले, सगळ्या सोसायट्या, सगळीकडे टँकर. अपेक्षितच. पण दोन जण एकदम लांबचे, मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाचे, जुन्या वस्तीतले, जिथे सरांना कुत्रं ओळखत नव्हतं. तो भाग आमच्याच पक्षाच्या एका माजी नगरसेवकाचा. विधानसभेच्या तिकिटावर डोळा ठेवून असलेला, लोकसभेच्या नियोजनात बाजूला पडल्याने नाराज, बैठकांना उशिरा यायचा. त्या दोन सह्या त्याच्या माणसांच्या होत्या, हे त्या वस्तीत एक चहा प्यायला तरी कळलं असतं.

म्हणजे दादांचा प्रश्न, सरांना कोणी उभं केलं, पूर्ण चुकीचा नव्हता. कोणी उभं केलं नव्हतं, पण दोन सह्या कमी पडत असताना कोणीतरी हात दिला होता, आणि तो हात घरातलाच होता. डमी ओळखायच्या काही खुणा असतात, त्या मी तपासल्या होत्या. डमीच्या नावावर गाड्यांच्या परवानग्या निघतात आणि त्या फिरतात दुसऱ्याच्या प्रचाराला, त्याचे पोलिंग एजंट बूथवर बसतात पण काम दुसऱ्याचं करतात, त्याचा खर्च एक तर शून्य दिसतो नाहीतर अचानक एका दिवसात फुगतो. लोकसभेला खर्चाची मर्यादा ९५ लाख, उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर प्रचाराच्या काळात तीनदा तपासलं जातं आणि ते बघायला मिळतं. सरांच्या पहिल्या तपासणीत दोन रिक्षा, स्पीकरचं भाडं, पत्रकांची छपाई, आणि झेरॉक्स. झेरॉक्सची बिलंसुद्धा चिकटवलेली. पोलिंग एजंट म्हणून त्यांना जेमतेम काही बूथवर माणसं मिळाली, बहुतेक माजी विद्यार्थी. डमी असा नसतो.

मी एक पानी नोंद दिली. त्यात लिहिलं: हा उमेदवार खरा आहे, त्याच्याविरुद्ध वापरण्यासारखं काही नाही, तो जी मतं घेईल ती पाण्याची मतं आहेत आणि त्यातली बरीचशी आपली आहेत, त्या तीन-चार भागांत आपल्या उमेदवाराने स्वतः जावं, टँकरचा विषय टाळू नये, पाणी कधी येणार ह्याचं खोटं आश्वासन देऊ नये, काय करता येईल ते सांगावं, आणि माजी नगरसेवकाशी साहेबांनी स्वतः बोलावं. दादांनी वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे ह्यात पत्रकासारखं काहीच नाही." मी म्हटलं नाही. पण माणूस म्हणून ते वाईट नाहीत, त्यांनी ते पान वर पाठवलं.

निम्मं झालं. आमचे उमेदवार एका संध्याकाळी त्या सोसायट्यांमध्ये गेले, गच्चीवर बैठक झाली, बायकांनी धारेवर धरलं, त्यांनी ऐकून घेतलं. एवढ्याने काही मतं परत आली असतील असं मला वाटतं. माजी नगरसेवकाशी मात्र कोणी बोललं नाही, तो विषय "निकालानंतर बघू" मध्ये गेला.

आणि पत्रक छापलं नसलं तरी त्याचं चित्र फुटलं. कोणी फोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी ते सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरायला लागलं, केस नंबर, फोटो, लाल अक्षरं, सगळं. आयोगाने ६ मे लाच पक्षांना पत्र पाठवलं होतं की खोटा, बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. पण ते पक्षाच्या अधिकृत खात्यांना लागू करता येतं, सोसायटीच्या ग्रुपमध्ये आजोबांनी पुढे ढकललेल्या मेसेजला कोण थांबवणार. मी आमच्या बाजूने एवढंच करू शकले की आमच्या सगळ्या ग्रुप ॲडमिनना लेखी पाठवलं, हे चित्र खोटं आहे, ती केस दुसऱ्या माणसाची आहे, टाकू नका, टाकलं असेल तर काढा. काहींनी काढलं. एकाने मला विचारलं, ताई तुम्ही कोणाच्या बाजूच्या.

सरांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. ते चिडले नाहीत, निदान बाहेर तरी नाही. त्यांनी निवडणूक कार्यालयात लेखी तक्रार दिली, आणि क्लासच्या बाहेर नोटीस बोर्डवर, जिथे टेस्टचे मार्क लावायचे तिथे, स्वतःच्या ॲफिडेव्हिटचं गुन्ह्यांचं पान झेरॉक्स करून लावलं. बाजूला हाताने लिहिलं होतं, माझ्या वडिलांचं नाव हे, त्या केसमधल्या माणसाच्या वडिलांचं नाव वेगळं, कोर्टात जाऊन बघा. बाकी एक शब्द नाही. त्याचा फोटो त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढला आणि तो मूळ चित्रापेक्षा जास्त फिरला, पुण्यात, बंगळुरूला नोकरीला गेलेली पोरं आपल्या आई-बापांना तो पाठवायला लागली.

४ जूनला निकाल. सरांचं डिपॉझिट गेलं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मिळाली नाहीत की जातं, त्यामुळे पहिल्या दोघातिघांनंतर बहुतेकांचं जातंच. जिल्ह्यात अपक्षाची खरी ताकद दिसली ती भिवंडीत, तिथे निलेश सांबरेंनी २ लाख ३१ हजारांवर मतं घेतली आणि भाजपचे कपिल पाटील ६६ हजारांनी पडले. आमचे सर त्या मापाचे नव्हतेच. आणि शेजारी मुंबई उत्तर-पश्चिमला ४८ मतांनी निकाल लागला, ते बघून दादा दिवसभर गप्प होते. आमच्याकडे फरक मोठा होता, सरांच्या मतांनी काही उलटंपालटं झालं नाही.

पण मला एकूण आकड्यात रस नव्हता. फॉर्म २० येईपर्यंत मी थांबले. त्यात बूथवार मतं असतात, कोणत्या केंद्रावर कोणाला किती, आणि निवडणुकीबद्दलच्या सगळ्या गप्पा तिथे तपासता येतात. सरांच्या क्लासच्या आजूबाजूच्या केंद्रांवर ते तिसऱ्या नंबरवर होते, तेही त्यांचं नाव दुसऱ्या मशीनवर खाली असताना, कारण मशीनवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष असा क्रम असतो आणि एका मशीनवर सोळाच बटणं. तिथपर्यंत बोट नेऊन, चिन्ह शोधून दाबलेली मतं होती ती. ज्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ते चित्र सगळ्यात जास्त फिरलं होतं तिथे ती कमी झालेली दिसत नव्हती. ज्या गच्चीवर आमचे उमेदवार गेले होते तिथल्या केंद्रावर मात्र आमची मतं २०१९ च्या प्रमाणात टिकली होती, बाजूच्या केंद्रांवर घसरली होती.

मग मतदारसंघाच्या त्या दुसऱ्या टोकाची केंद्रं बघितली, माजी नगरसेवकाची वस्ती, जिथून त्या दोन सह्या आल्या होत्या. सरांना तिथे एक आकडी मतं. एका केंद्रावर दोन. म्हणजे सूचक सोडून कोणीही नाही, आणि आमची मतं जिथे होती तिथेच. त्याला मतं वळवायची नव्हती, वळवता येतील अशी भीती दाखवायची होती, आणि ती दाखवायला दोन सह्या पुरेशा होत्या. निकालानंतर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं, विधानसभेच्या तयारीच्या बैठकीत तो पहिल्या रांगेत बसला होता. माझ्या एक पानी नोंदीची झेरॉक्स तेव्हा दादांच्या फाईलमध्ये होती, सूचकांचे क्रमांक अधोरेखित केलेली.